शेजारच्या खुर्चीचा दिवा

"हॅलो? … हो गं बाई, उचलला, उचलला… जरा दम धर की. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात शर्टाची बाही, आणि हा फोन आपला बोंबलतोय. तिसरा हात कुठून आणू मी? … ओरडत नाहीये. कुजबुजतेय. … अगं झोपलेत हे. … इथेच, बाहेरच्या खोलीत, खुर्चीत. पलंग आहे, गादी आहे, उशी आहे, आणि माणूस झोपतो खुर्चीत. त्याला मी काय करू?"

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन कान-खांद्याच्या मध्ये दाबून धरला. समोर नवरा मान मागे टाकून झोपला होता. काल लागोपाठ दोन पाळ्या करून सकाळी सातला घरी आलेला माणूस. चारला कंपनीची गाडी त्याला परत न्यायला येणार होती, आणि इस्त्री चालली होती ती त्याच पाळीच्या शर्टाला.

"बोल, काय म्हणतेस? … लॅबमधून बोलतेस? कामाच्या वेळात? तुझा साहेब काय म्हणेल? … जिन्यात उभी आहेस. बरं. … मग आवाज असा का तुझा? सर्दी झालीय का?"

फोनवर धाकटी बहीण होती. रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये तिची नोकरी. नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांची वर्षाची तपासणी दरवेळी दुसरीकडे व्हायची, ती या वर्षी धाकटीच्या लॅबकडे आली होती. थोरलीला तेव्हा कोण आनंद झाला होता. घरचं माणूस आहे म्हणून.

"ह्यांचा रिपोर्ट? आला का? … मग सांग ना, कोड्यात काय बोलतेस… किती? … परत सांग. … तीनशे बारा. … कोलेस्टेरॉल. … आणि ते वाईटवालं? … दोनशे वीस. … आणि हृदयाची ती कागदाची पट्टी काढतात, तीही? … डॉक्टरांनी लाल खूण केलीय? … लाल म्हणजे किती लाल? … अगं, चिडू नकोस. मला काय कळतंय त्यातलं."

खुर्चीत झोपलेल्या नवऱ्याचा उजवा अंगठा उचलला गेला आणि खुर्चीच्या हातावर दाबला गेला. एकदाच, घट्ट. पाठोपाठ डावा हात खुर्चीच्या बाहेर गेला, हवेत जरासा थांबला आणि मांडीवर परत आला. डोळे मिटलेलेच होते. थोरलीने सवयीने घड्याळ पाहिलं. तीन वाजून बारा.

"ऐकतेय गं, ऐकतेय. … तेल? तेल मी डोळ्यांत औषध घालावं तसं घालते, थेंब थेंब. बाटलीला कंटाळा येतो माझा. … तूप पाहिल्याला वर्ष होऊन गेलं. … माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला फोन केलास का? … मग कशाने? … ताणाने? … ताणाने डोकं दुखतं, माणूस खेकसतो, हे मला रोज दिसतं. पण रक्तात चरबी कशी येईल ताणाने? … बरं, सांग. बोलत नाही मध्ये."

ती खरंच मध्ये बोलली नाही. अर्धं मिनिट. थोरलीच्या मानाने ते फार झालं.

"थांब थांब, मला माझ्या भाषेत सांगू दे. म्हणजे असं म्हण, रोज कोणीतरी दारावर येऊन ओरडतंय, पन्नास पाहुणे येतायत, पन्नास पाहुणे येतायत. म्हणून शरीर बिचारं मोठाली पातेली चढवून ठेवतं. पाहुणे काही येत नाहीत. … आणि शिजवलेलं तसंच पडून राहतं. … हो, मग चिकटणारच ते नळ्यांना. … आणि झोप नाही, म्हणजे रात्री भांडी घासणारंही कोणी नाही. … हसतेस काय? मी असंच समजून घेते. शाळेने मला कुठे शिकवलं?"

तिने शर्टाची कॉलर सरळ केली. खिशावर कंपनीचा निळा बिल्ला शिवलेला होता. त्यावर इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर बिल्ला वितळतो. एकदा वितळला होता, तेव्हा नवरा तासभर काही बोलला नव्हता.

"अगं ऐक ना… माझं एक काम कर. … मागच्या वर्षीचाच आकडा टाक ना. … एकशे अठ्ठेचाळीस. … नुसता एक आकडा तर आहे! … खोटं कसं? मागच्या वर्षी होता की तो. … अगं, ह्यांची खुर्ची जाईल. दोनशे चाळीसच्या वर गेलं की कंट्रोल रूममध्ये बसू देत नाहीत. मागे एकाला काढून गेटवर बसवलं, आणि सहा महिन्यांत गेटच्या बाहेर. … पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवून घेणार दुसरीकडे? … हो, कळतंय मला जीव महत्त्वाचा. पण आधी गोळ्या सुरू करू, मग पुढच्या वर्षी आपोआप… हॅलो?

छातीत? … नाही. … डावा हात? हात ठीक आहे. … घाम सगळ्यांनाच येतो गं. … जबडा कशाला दुखेल? … नाही म्हटलं ना. पोलिसासारखं काय विचारतेस!"

हे बोलताना थोरलीने खुर्चीकडे पाठ केली होती. खिडकीत दोरीवर तीन बनियन वाळत होते. एकाच दिवसाचे तीन.

"काय काढलंस? … कंपनीने पाठवलेली जुनी फाइल? ती कशाला काढलीस? … कंट्रोल रूममधल्या आठही जणांचा आकडा सारखाच? … अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, परत अठ्ठेचाळीस… हं. … हं. … योगायोग असतो गं कधीकधी. … सहा वर्षं योगायोग नसतो, हो… बरं. सांगते. पण तुझ्या साहेबाला नाही सांगायचं. माझी शपथ. … शपथा मानत नाहीस, माहितीये. तरी घे.

ते रक्त ह्यांचं नव्हतं. … आठांपैकी कोणाचंच नव्हतं. सगळं एकाच नवव्या माणसाचं होतं. पैलवानाचं. … अगं, ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा तो. काडीसारखा माणूस, म्हणून त्याचं नाव पैलवान. सकाळी तासभर चालायचा, उकडलेलं खायचा, सिगारेट नाही, लग्न नाही. तपासणीच्या दिवशी सुई टोचायला कंपनीचाच जुना कंपाउंडर असायचा, त्याला सगळं ठाऊक. पैलवान बसून राहायचा आणि नळीवरचं नाव तेवढं बदलायचं. आठ नळ्या आमच्या ह्यांच्या नावाच्या, नववी त्याची स्वतःची. … कंट्रोल रूममध्ये तसंच चालतं सगळं. एकमेकांना सांभाळून घ्यायचं. शेजारधर्म. … आम्ही बायका त्याला त्या दिवशी डबे पाठवायचो. माझ्याकडून डाळिंबं. आठ नवरे आणि रक्त एकच, म्हणून हसायचो सगळ्या. … आता नाही हसू येत, हो.

… कंपाउंडर बदलला ना या वर्षी. आणि पैलवान तर… अगं, गेला तो. तुला बोलले नव्हते? वर्ष झालं. मागच्या तपासणीच्याच दिवशी. … हृदय. खुर्चीत बसल्या बसल्या. … हो, तोच. एकशे अठ्ठेचाळीसवाला. … आम्हीही तेच म्हणालो, याला कसं काय. … हो का? चरबी नसली तरी? … म्हणजे पातेली नाही चढवली, तरी दारावरच्या ओरडण्यानेच चूल फुटते. … असं आहे तर."

पलीकडे जिन्यातून कोणीतरी चपला वाजवत गेलं असावं. थोरलीने फोन दुसऱ्या खांद्याशी धरला.

"आहेस ना? … आणि ऐक, चार दिवसांनी रिपोर्ट आले. आठांचे आठ, झकास. नववा त्याचा स्वतःचा. तो घ्यायला कोणी नव्हतं. हे घेऊन आले घरी. … कपाटात आहे अजून. … मला काय माहीत कशाला. टाकवत नाही म्हणतात.

हं, थांब… दाबलं. तीन एकोणीस. … काही नाही गं. ह्यांचा अंगठा. … अगं, त्या खोलीत पाइपलाइनचा दाब बघत बसायचं असतं बारा-बारा तास. आकडे आणि रेघा. माणूस पेंगला तर? म्हणून दर सात मिनिटांनी समोर एक पिवळा दिवा लागतो. खुर्चीच्या उजव्या हातावर बटण असतं, ते दाबलं की दिवा विझतो. म्हणजे मी जागा आहे, असं सांगायचं. एका मिनिटात नाही दाबलं की भोंगा, साहेब धावत, कागदावर नोंद. महिन्यात तीन भोंगे, की खुर्ची गेली. … हो, घरीही. झोपेतही. जेवताना घास हातात असला तर ताटावर दाबतात. … आठही जणांचं आहे. मिशीवाल्याची बायको म्हणते, आमचे लग्नात आशीर्वाद देताना पोराच्या डोक्यावर दाबत होते. … हसलो होतो आम्ही. खूप हसलो होतो.

थांब ना, तू साहेबाला फोन करू नकोस. मी सांगते ते पूर्ण ऐक. मला बोलायचंय कोणाशी तरी, एक वर्ष झालं.

पैलवान गेला तो दुपारच्या पाळीला. डॉक्टर म्हणाले, साडेतीनच्या आधीच गेलाय. पण कळलं कधी? चार वाजून अकरा मिनिटांनी. … तेच तर! मधला वेळ दिवा लागत नव्हता का? लागत होता. आणि विझतही होता. … मशीन नोंद ठेवतं गं, माणूस नाही. तीन अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न, चार तीन. सहा वेळा. एक सेकंद इकडचा तिकडे नाही. … मेलेल्या माणसाने. … मला पाठ का आहेत वेळा? हे झोपेत म्हणतात. रोज. क्रमाने.

… कंपनीने चौकशी केली. कोणी काही बोललं नाही. एकजण म्हणाला, पैलवान इतका इमानी, जाताना अंगठा मागे ठेवून गेला. ते वाक्य सगळ्यांनी उचललं. आता नवीन माणूस आला की त्याला तीच गोष्ट सांगतात, पेढ्यासारखी वाटतात. … भीती? वाटते ना. त्याची खुर्ची काढून टाकली, तिथे पाण्याचं पिंप ठेवलंय. त्या पिंपाचं पाणी कोणी पीत नाही."

उन्हाची पट्टी सरकत सरकत नवऱ्याच्या पायापर्यंत आली होती. त्याच्या कपाळावर घाम होता, खोलीत पंखा गरगर फिरत असूनही. थोरलीने ते पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मग भोंगा वाजला ना, चार दहाचा दिवा नाही विझला तेव्हा. … का नाही विझला, ते कोणाला माहीत. तेव्हा हे नेमके हात धुवायला उठले होते. आले तर भोंगा वाजतोय आणि पैलवान… हो, हे जागेवर नव्हते. … का? … असं का विचारतेस?

बोल ना. … नाही, तू काहीतरी विचार करतेयस. मला ऐकू येतो तुझा विचार, लहानपणापासून. … पैलवान कुठल्या बाजूला बसायचा? डावीकडे. ह्यांच्या डाव्या हाताला. … त्याचं बटणही त्याच्या उजव्या हातावरच, सगळ्यांचं तसंच. … हो, म्हणजे ह्यांच्या जवळ. हात लांब केला की… थांब. थांब हं. सव्वीस होतायत. मी फोन तसाच धरते, तू बोलू नकोस.

… उजवा. दाबला. … आता डावा बघ. तुला दिसत नाही, मी सांगते. डावा हात बाहेर गेला… पालथा झाला… अंगठा खाली. दाबला. हवेतच. तिथे काही नाहीये गं, नुसती हवा. … परत आला.

… वर्षभर मला वाटत होतं, अंग आखडतं म्हणून हात ताणतात. एक अंगठा स्वतःचा. मग दुसरा कोणाचा? … हॅलो? … हॅलो, लाइन गेली का? … आहेस. मग श्वास का रोखलास?"

इस्त्री चालूच होती, खोलीत तापलेल्या कापडाचा वास पसरला होता. थोरलीने खाली वाकून बटण बंद केलं. तेवढा एक टक्क आवाज झाला आणि ती स्वतःच दचकली.

"नको बोलूस. … माहितीये तू काय म्हणणार. बोलू नकोस, मी हात जोडते. … त्यांनी का केलं असेल ते मला कळतंय गं, सगळ्या खोलीत तेच करतात. कोणाला डुलकी लागली, कोणी लघवीला गेलं, की शेजारचा दाबतो. भोंगा वाजू द्यायचा नाही एकमेकांचा. … हो. … हो, तीन अठ्ठावीसला भोंगा वाजला असता तर कोणीतरी आलं असतं. … वाचला असता का? … 'कदाचित' म्हणू नकोस, हो किंवा नाही म्हण! … बरं. कदाचित.

… आठही जणांना माहीत असणार. म्हणूनच तर ती अंगठ्याची गोष्ट सांगतात. ह्यांच्यासाठी सांगतात. सांभाळून घेतायत.

आकडा? … हो, त्याचं काय ते सांगितलं ना मी मघाशी. टाक मागचाच. … तू आज टाकलास की हे चारच्या गाडीत बसतील, मग रविवारी सुटी आहे, रविवारी शांतपणे डॉक्टरकडे… किती वाजले? … इथे तीन तेहतीस. थांब."

उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर तसाच होता. उचलला गेला नाही.

"थांब गं… नाही दाबलं. … एखादं सेकंद पुढे-मागे होत असेल. … नाही, कधीच होत नाही. … अजून नाही. … काटा अर्ध्यावर आला. … अगं, मला भोंगा ऐकू येणार असं का वाटतंय? माझ्या घरात कुठे आहे भोंगा? … चौतीस झाले. झालं मिनिट. … नाही, फोन नको ठेवूस! मी जातेय जवळ. … अहो. … अहो, ऐकलंत का? … अहो!"

ती खुर्चीपाशी पोचली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तो तिच्याकडे पाहत नव्हता. डावीकडे, जिथे नुसती हवा होती, तिथे पाहत होता. दोन्ही हात मांडीवर होते, अंगठे मुठीत धरलेले.

"जागे आहेत गं. … जागे आहेत, श्वास चालू आहे. … कधीपासून जागे आहात तुम्ही? … सगळं ऐकलंत? … काय? मोठ्याने म्हणा. … परत म्हणा. … नाही, रडू नका, आधी परत म्हणा, हिला ऐकू द्या."

तिने फोन त्याच्या तोंडाशी नेला, आणि मग स्वतःच परत कानाला लावला.

"ऐकू आलं का? … नाही आलं? … मी सांगते. हे म्हणतायत, 'त्याचा दिवा मी विझवत होतो.' … 'सहा वेळा. वाटलं, सकाळी आमच्यासाठी आठ नळ्या रक्त दिलंय, दमला असेल, झोपू दे बिचाऱ्याला.' … हो. एवढंच म्हणाले. एक वर्षाने.

… तेवढ्या रक्ताने कोणी मरत नाही, सांगते मी त्यांना. … अहो, ही म्हणतेय तेवढ्या रक्ताने कोणी मरत नाही. … मान हलवतायत. पटलं नाही.

ऐक. … ऐक माझं. तो आकडा टाकू नकोस. … एकशे अठ्ठेचाळीस नको. तीनशे बारा आहे ना? तीनशे बाराच लिही. … अगं, मी तुला काय करायला सांगत होते? बटणच दाबायला सांगत होते की गं मी तुला! … नाही, रडत नाहीये.

आणि मघाशी मी खोटं बोलले. दुखतंय ह्यांना. डाव्या हातात, वर जबड्यापर्यंत. तीन आठवडे. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. … घाम येतो. दिवसाला तीन बनियन. … आत्ता? … अहो, आत्ता दुखतंय का? खरं सांगा. … हो म्हणतायत. मुठीएवढं, मधोमध. … अँब्युलन्स? पाठव. आत्ता पाठव. … नाही, चालू देत नाही. बसवून ठेवते. … कुठली गोळी चघळायला द्यायची ते त्या गाडीवाल्यांना विचारून मला सांग. … दार उघडं ठेवते. कॉलर सैल करते. … हो, घाबरले आहे. घाबरू दे मला जरा."

तिने हाताला लागला तो, नुकताच इस्त्री केलेला, निळ्या बिल्ल्याचा शर्ट उचलला आणि त्याने नवऱ्याचं कपाळ पुसलं. मग मान. मग दोन्ही मुठी उघडून तळहात. अंगठ्याच्या टोकाला घट्टा पडला होता, नखाएवढा, गुळगुळीत. इतक्या वर्षांत तिने तो कधी हातात घेऊन पाहिला नव्हता.

"हां, आहे, आहे मी. … निघाली? किती मिनिटं? … सात. … काही नाही. बरं म्हटलं. सात. … कंपनीची गाडी? चारला येईल ती. येऊ दे. हॉर्न वाजवेल, मग साहेबाला फोन लावेल, मग तिकडे ह्यांची खुर्ची रिकामी दिसेल आणि… हो. भोंगा वाजेल. … वाजू दे गं. ह्या वेळी वाजू दे. … ठेवते."